ईपीएसचा कंट्रोलर पहिल्यांदा लिहिताना: छोट्या गाडीच्या कॉलम-असिस्ट स्टिअरिंगसाठी क्रमवार मार्गदर्शन

चाकण-भोसरीच्या कंपन्यांत नव्याने लागलेले इंजिनिअर आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारी मुलं इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगकडे, म्हणजे ईपीएसकडे, साधारण एकाच वाटेने येतात. मोटर कंट्रोल शिकलेलं असतं, पीआय कंट्रोलर माहीत असतो. त्यामुळे वाटतं की हाताचा टॉर्क मोजायचा, तक्त्यात बघायचं, तेवढा करंट मोटरला द्यायचा, झालं काम. सिम्युलेशनमध्ये ते चालतंही. मग बेंचवर स्टिअरिंग घुमायला लागतं, हातात थरथर जाणवते, आणि नेमकं कुठे बिघडलं हे शोधण्यात महिने जातात. हा लेख त्या महिन्यांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच ठामपणे सांगतो. असिस्टचा तक्ता, म्हणजे हाताच्या टॉर्कमागे मोटरने किती टॉर्क द्यायचा याचा तक्ता, करंट लूप आणि स्थिरता पक्की झाल्यावरच हाती घ्यायला हवा. त्याचा उतार म्हणजेच लूपचा गेन आहे, आणि खालच्या पायऱ्या पक्क्या नसताना तक्ता बदलत बसलं की प्रत्येक दुरुस्ती दुसरं काहीतरी बिघडवते.

उदाहरणासाठी आपण छोट्या हॅचबॅकचं कॉलम-असिस्ट स्टिअरिंग घेऊ. यात मोटर डॅशबोर्डखाली कॉलमवर बसते आणि वर्म गिअरमधून जोर देते. हाच प्रकार १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्व्हो गाडीत पहिल्यांदा आला, आणि छोट्या गाड्यांमध्ये आजही तोच जास्त दिसतो. मोठ्या गाड्यांमध्ये मोटर रॅकवर, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्यावर, असते. तिथे आकडे बदलतात, पायऱ्यांचा क्रम बदलत नाही.

## सुरुवातीला काय काय लागेल

- सिम्युलिंक. परवाना नसेल तर सायलॅब, ऑक्टेव्ह किंवा पायथन पुरेसं आहे.
- गाडीची कागदपत्रं: रॅकचा स्ट्रोक, एका फेरीत रॅक किती सरकतो, पुढच्या अॅक्सलवरचं वजन, व्हीलबेस, कॅस्टरचा कोन (बाजूने पाहिल्यास चाक वळण्याचा अक्ष किती कललेला आहे तो).
- मोटरची डेटाशीट: रेझिस्टन्स, इंडक्टन्स, टॉर्क कॉन्स्टंट, रोटरचं इनर्शिया.
- टॉर्क सेन्सरची माहिती: टॉर्शन बार (हाताच्या टॉर्कने किंचित पिळला जाणारा दांडा, त्याच्या पिळावरून टॉर्क मोजतात) किती कडक आहे, सिग्नलचे चॅनल किती, सिग्नल किती वेळाने अपडेट होतो.
- बेंचसाठी भंगारातून मिळणारं जुनं कॉलम चालेल. सोबत १२ व्होल्टची बॅटरी, योग्य फ्यूज आणि हाताशी येईल असं इमर्जन्सी स्विच.
- कॅन बस, म्हणजे गाडीतल्या कंट्रोलरांना जोडणारी संदेशवाहिनी, वाचण्यासाठी अॅडाप्टर.
- स्प्रिंग काटा. हे साधं साधन सर्वात जास्त उपयोगी पडतं.

भंगारातून कॉलम आणताना त्यावर एअरबॅग असेल तर ती बेंचवर मुळीच आणू नका. जाणकार माणसाकडून आधी काढून घ्या. आणि स्वतःच्या रोजच्या गाडीचं स्टिअरिंग उघडून त्यावर प्रयोग करून ती रस्त्यावर नेणं हा विचारच सोडून द्या.

## १. आधी कागदावर जोराचा हिशेब करा

गाडी उभी असताना चाक वळवणं हे स्टिअरिंगसाठी सर्वात जड काम. समजा तेव्हा रॅकवर ६,००० न्यूटन जोर लागतो आणि स्टिअरिंगच्या एका फेरीत रॅक ४५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे पिनियनची (रॅक सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाची) परिणामी त्रिज्या सुमारे ७.२ मिलिमीटर, आणि पिनियनवर टॉर्क सुमारे ४३ न्यूटन-मीटर. चालकाच्या हाताने ४ न्यूटन-मीटरच द्यावेत अशी अपेक्षा असेल, तर उरलेले ३९ मोटरने द्यायचे. वर्म गिअरचं गुणोत्तर २० आणि कार्यक्षमता ८५ टक्के धरली की मोटरला सुमारे २.३ न्यूटन-मीटर द्यावे लागतात. टॉर्क कॉन्स्टंट दर अँपिअरला ०.०५ न्यूटन-मीटर असेल तर फेजमध्ये, म्हणजे मोटरच्या वाइंडिंगमध्ये, ४६ अँपिअर.

इथे नवखे हमखास अडकतात. ४६ अँपिअर हा मोटरच्या फेजमधला करंट आहे, बॅटरीतून येणारा नव्हे. स्टिअरिंग सेकंदाला २५० अंश फिरवलं तर मोटरची यांत्रिक शक्ती सुमारे २०० वॅट होते. तांब्यातली आणि सर्किटमधली उष्णता मिळवून ३०० वॅट धरा. म्हणजे बॅटरीतून साधारण २५ अँपिअर. आणि चाक फुटपाथला टेकवून स्टिअरिंग तसंच दाबून धरलं, तर यांत्रिक शक्ती शून्य होते, बॅटरीचा करंट उतरतो, पण फेजमधले ४६ अँपिअर तसेच राहतात. ती सगळी उष्णता वाइंडिंगमध्ये आणि मॉसफेटमध्ये (मोटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये) साठते. रोटर थांबलेला असल्यामुळे एखादी फेज इतरांपेक्षा जास्त तापते. बॅटरीचा करंट बघून तापमानाचा अंदाज बांधणारा कोड इथेच फसतो.

## २. मॉडेल छोटं ठेवा, पण घर्षण विसरू नका

गाडीसाठी बायसिकल मॉडेल पुरे आहे: पुढचं एक चाक, मागचं एक चाक, आडवा वेग आणि यॉ रेट (गाडी उभ्या अक्षाभोवती वळण्याची गती). टायरचा आडवा जोर कॅस्टर ट्रेल (कॅस्टरच्या कोनामुळे मिळणारं अंतर) आणि न्यूमॅटिक ट्रेल (टायरचा जोर त्याच्या मध्याच्या जितका मागे लागतो ते अंतर) यांच्या बेरजेने गुणला की चाक सरळ करू पाहणारा टॉर्क मिळतो. टायरची पकड संपण्याच्या थोडं आधीच न्यूमॅटिक ट्रेल कमी होऊ लागतो, त्यामुळे स्टिअरिंग हलकं पडतं. ओल्या रस्त्यावर चालकाला धोक्याची पहिली खूण याच हलकेपणातून कळते. तुमच्या कंट्रोलरने ती पुसून टाकता कामा नये, ही अट पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा.

स्टिअरिंगसाठी दोन वस्तुमानं घ्या. टॉर्शन बारच्या वर चालकाचं चाक, खाली मोटर, रॅक आणि पुढची चाकं. खालच्या भागाचं इनर्शिया काढताना मोटरचा आकडा गिअर गुणोत्तराच्या वर्गाने गुणायचा असतो. रोटर ०.००००८ किलो-मीटर वर्ग इतका किरकोळ दिसतो, पण ४०० ने गुणल्यावर ०.०३२ होतो, म्हणजे जवळपास हातातल्या स्टिअरिंग व्हीलएवढा. पुढच्या चाकांचा वाटा धरून एकूण ०.०४ घेऊ.

घर्षणासाठी स्प्रिंग काटा काढा. पुढची चाकं उचलून, मोटर बंद ठेवून, स्टिअरिंगच्या कडेला काटा अडकवा आणि संथपणे ओढा. सुटतानाचा आकडा आणि फिरत असतानाचा आकडा वेगळे येतील, दोन्ही नोंदवा. डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळे मोजा. वर्म गिअरमुळे कॉलम-असिस्टमध्ये घर्षण लक्षात येण्याइतकं असतं, आणि पुढे पायरी ६ मध्ये हाच आकडा लागणार आहे.

## ३. करंट लूप आधी पक्का करा

मोटर बहुतेक वेळा स्थायी चुंबकाची तीन फेजची असते. फील्ड ओरिएंटेड कंट्रोल, म्हणजे रोटरच्या कोनानुसार फेजचे करंट ठरवणारी पद्धत, वापरा, आणि लूप १० ते २० किलोहर्ट्झवर चालवा. रेझिस्टन्स ३० मिलिओहम आणि इंडक्टन्स १०० मायक्रोहेन्री असेल आणि बँडविड्थ ३०० हर्ट्झ हवी असेल, तर प्रपोर्शनल गेन सुमारे ०.१९ आणि इंटिग्रल गेन सुमारे ५७ येतो. इंडक्टन्स आणि रेझिस्टन्स यांना १,८८५ रेडियन प्रति सेकंदाने गुणायचं, एवढंच.

सापळा तापमानाचा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे १०० अंश वाढ झाली की जवळपास ४० टक्के. थंड मोटरवर ट्यूनिंग करून थांबू नका, गरम मोटरवरही तोच प्रतिसाद तपासा. रोटर पोझिशन सेन्सरचा ऑफसेट चुकला असेल तर एका बाजूला जोर कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त मिळतो. हा दोष वरच्या लूपमधून कितीही झाकला तरी परत डोकं वर काढतो.

## ४. स्थिरता: इथे घाई करू नका

या पायरीवर सर्वात जास्त वेळ द्या. बाहेरचा लूप, म्हणजे हाताचा टॉर्क वाचून मोटरचा करंट ठरवणारा, साधारण १ मिलिसेकंदाला एकदा चालतो. त्यात टॉर्क सेन्सरचा उशीर अर्धा मिलिसेकंद, गणनेचा एक, करंट लूपचा अर्धा. एकूण २ मिलिसेकंद. ऐकायला नगण्य वाटतं. आता हिशेब करा.

टॉर्शन बार दर अंशाला २.३ न्यूटन-मीटर, म्हणजे दर रेडियनला सुमारे १३२. हाताच्या १ न्यूटन-मीटरमागे मोटरने १२ द्यायचे असा उतार घेऊ, कारण पायरी १ मधल्या पार्किंगसाठी एवढा लागतोच. स्टिअरिंग व्हील घट्ट धरलं आणि मोटर बंद असेल, तर खालचा भाग सुमारे ९ हर्ट्झने डोलतो. असिस्ट चालू झाला की टॉर्शन बार जणू १३ पट कडक होतो आणि तीच फ्रीक्वेन्सी सुमारे ३३ हर्ट्झवर जाते. तिथे २ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे जवळपास २४ अंशांचं फेज लॅग, म्हणजे सिग्नल तेवढा मागे पडतो.

याहून सोपी कसोटी आहे, ती पाठ करून ठेवा. उशिरा पोचणारा असिस्ट म्हणजे उलटं डॅम्पिंग. त्याचं माप: टॉर्शन बारचा कडकपणा, गुणिले असिस्टचा उतार, गुणिले उशीर. आपल्या आकड्यांत १३२ × १२ × ०.००२, म्हणजे सुमारे ३.२. यंत्रणेचं स्वतःचं डॅम्पिंग १ धरलं, तर आपण त्याच्या तिप्पट उलटं डॅम्पिंग घातलं. स्टिअरिंग थरथरणारच. भरपाई न करता स्थिर राहायचं असेल तर उतार ३.८ च्या खाली ठेवावा लागेल, आणि तेवढ्यात पार्किंग होणार नाही.

म्हणून टॉर्क सिग्नलवर फेज लीड, म्हणजे सिग्नलला पुढे नेऊन उशीर भरून काढणारा फिल्टर, लावायचा. सुरुवातीला वरचा टाइम कॉन्स्टंट ५ मिलिसेकंद आणि खालचा १ मिलिसेकंद घेऊन बघा. या आकड्यांवर उतार १२ असताना लीड उशिरापेक्षा थोडा जास्त भरतो. याची किंमत म्हणजे सिग्नलमधला उच्च फ्रीक्वेन्सीचा नॉइज पाचपट वाढतो. सेन्सरच्या सिग्नलमध्ये गडबड असेल तर ती मोटरमधून गुणगुणत ऐकू येईल. तेव्हा सेन्सरची वायरिंग आणि शील्डिंग सुधारा. नॉइज दाबायला जड फिल्टर लावला की तोच उशीर परत येतो, आणि आपण जिथून निघालो तिथेच पोचतो.

तपासताना या गोष्टी पाळा:

स्थिरता तक्त्यातल्या सर्वात तीव्र उताराच्या बिंदूवर तपासा, सरासरीवर नव्हे. शेवटाकडे उभा चढणारा वक्र काढला आणि उतार २० वर गेला, तर वरचाच लीड जेमतेम पुरतो. म्हणून पहिल्या तक्त्यात सरळ रेषा ठेवा.

स्टिअरिंग व्हील क्लॅम्पने पक्कं धरून एकदा आणि मोकळं सोडून एकदा, अशा दोन्ही स्थितींत पाहा. माणसाचा हात स्वतःच डॅम्पर असतो. हात लावून केलेल्या चाचणीत अस्थिरता लपते.

घर्षणावर विसंबू नका. नव्या, थंड कॉलममध्ये घर्षणामुळे बारीक थरथर दबून राहते. ग्रीस गरम झालं, वर्म झिजला, की ती दिसू लागते. सिम्युलेशनमध्ये घर्षण शून्य करूनही लूप स्थिर असायला हवा.

बेंचवर पहिल्यांदा असिस्ट चालू करताना करंटची मर्यादा ५ अँपिअरवर ठेवा आणि बोटं स्पोकच्या मध्ये घालू नका. अस्थिर झालेलं स्टिअरिंग मनगट मोडू शकतं.

## ५. आता असिस्टचा तक्ता

मधोमध छोटा डेड झोन (जिथे मोटर काहीच मदत देत नाही) ठेवा, ०.८ न्यूटन-मीटरच्या आसपास. पुढे उतार, आणि वर मोटरच्या क्षमतेवर सपाट. गाडी उभी असताना उतार १२, आणि वेग वाढेल तसा कमी करत १०० किलोमीटरला २ च्या आसपास. दोन वेगांमधल्या किमती गुळगुळीत जोडा. तक्त्यात कोपरा राहिला की तो हाताला कळतो.

शोरूममध्ये हलकं स्टिअरिंग गिऱ्हाइकाला आवडतं, म्हणून वरिष्ठांकडून सगळीकडे हलकं करण्याचा आग्रह होतो. पार्किंगला ते मान्य करा. द्रुतगती मार्गावर करू नका. तिथे मधल्या भागात हाताला थोडा विरोध मिळायलाच हवा, नाहीतर चालक अखंड बारीक दुरुस्त्या करत राहतो आणि तासाभरात थकतो.

## ६. सरळ होणं आणि डोलणं

पायरी २ मध्ये मोजलेलं घर्षण इथे कामाला येतं. कमी वेगात चाक सरळ करू पाहणारा टॉर्क त्या घर्षणापेक्षा कमी पडतो, आणि चौकात वळल्यावर स्टिअरिंग अर्ध्यातच थांबतं. त्यासाठी अॅक्टिव्ह रिटर्न: कोन आणि वेगावरून स्टिअरिंग किती गतीने परतावं हे ठरवा आणि मोटरला तेवढीच मदत करू द्या. हाताचा टॉर्क वाढला की ही मदत हळूहळू मागे घ्या, नाहीतर वळण घेताना चालकाला स्टिअरिंगशी झगडावं लागेल.

जास्त वेगात उलटं होतं. सोडलेलं स्टिअरिंग मध्य ओलांडून पलीकडे जातं. तिथे मोटरच्या गतीच्या प्रमाणात डॅम्पिंग द्या, आणि वेगासोबत ते वाढवा.

मोठा सापळा कोनाच्या शून्याचा आहे. सेन्सरचा शून्य दोन अंशांनी चुकला तर रिटर्न गाडीला कायम एका बाजूला ओढतो, आणि गिऱ्हाईक अलाइनमेंटवाल्याकडे चकरा मारत राहतं. यॉ रेट आणि चारही चाकांचे वेग बघून गाडी खरंच सरळ चालली आहे का हे ठरवा, आणि तेव्हाच शून्य शिकू द्या. शिकण्याची गती अगदी संथ ठेवा. आपल्याकडे पाण्याच्या निचऱ्यासाठी रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे सरळ चालतानाही स्टिअरिंग किंचित वळलेलं असतं. शिकणं घाईचं असेल तर रस्त्याचा उतारच शून्य म्हणून नोंदला जातो.

## ७. बिघाड झाला तर काय, हे आधी लिहा

मदत बंद पडणं वाईट. पण चालकाने न मागितलेला जोर मोटरने देणं त्याहून कितीतरी धोकादायक. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षेचं मानक आयएसओ २६२६२ नुसार विश्लेषण केलं की स्वतःहून वळणं आणि स्टिअरिंग जाम होणं हे धोके सहसा सर्वात कडक पातळीत, एसिल डी मध्ये, येतात. किमान एवढं तरी ठेवा:

- टॉर्क सेन्सरचे दोन स्वतंत्र चॅनल, आणि दोन्ही जुळतात का याची सतत तपासणी.
- असिस्टची दिशा हाताच्या टॉर्कविरुद्ध गेली तर त्यावर वेगळी, स्वतंत्र मर्यादा. रिटर्नला थोडी विरुद्ध दिशा लागते, तेवढीच खिडकी मोकळी ठेवा.
- बिघाडात असिस्ट झटक्यात तोडू नका, हळूहळू कमी करा. वळणात असताना अचानक जड झालेलं स्टिअरिंग चालकाच्या हातातून निसटतं.
- कॅनवरून वेगाचा सिग्नल येणं थांबलं तर पार्किंगचा तक्ता कधीही लावू नका. जास्त वेगाचा, जड तक्ता सुरक्षित.
- मॉसफेट शॉर्ट झाला तर फिरणारी मोटर स्वतःच ब्रेकसारखी विरोध करते. म्हणून फेज तोडण्याची सोय हार्डवेअरमध्येच हवी. ही मागणी बोर्डाचं डिझाइन गोठण्याआधी करा.
- तापमान वाढलं किंवा बॅटरीचा व्होल्टेज पडला तर करंटची मर्यादा सावकाश खाली आणा.

कायद्याची मर्यादा आणि आरामाची मर्यादा यांत गल्लत करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ७९ मध्ये प्रवासी कारसाठी यंत्रणा ठीक असताना स्टिअरिंगच्या कडेवर १५० न्यूटनपर्यंत आणि बिघाडात ३०० न्यूटनपर्यंत जोर चालतो. १८.५ सेंटिमीटर त्रिज्येच्या स्टिअरिंगवर १५० न्यूटन म्हणजे जवळपास २८ न्यूटन-मीटर. आपण ४ चं ध्येय ठेवलं होतं. बिघाडाची चाचणी मात्र मोटर पूर्ण बंद ठेवून खरोखर करा, आणि ती कमी ताकदीच्या चालकाकडूनही करून घ्या.

## ८. चाचणीचा क्रम

आधी बेंच, मग उभी गाडी, मग बंद आवारात कमी वेग, आणि जास्त वेग फक्त चाचणी मार्गावर. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. असा मार्ग मिळाल्याशिवाय १०० च्या वरचं ट्यूनिंग करू नका.

मधल्या भागासाठी आयएसओ १३६७४ मधली वीव्ह चाचणी करा: १०० किलोमीटर वेगाने स्टिअरिंग ०.२ हर्ट्झने संथ डावी-उजवीकडे फिरवायचं आणि कोन, टॉर्क, आडवं त्वरण एकत्र नोंदवायचं. टॉर्क आणि कोन यांच्या आलेखात जो फुगीर लूप दिसतो त्याच्या रुंदीवरून घर्षण किती जाणवतंय ते कळतं. स्थिर वर्तुळासाठी आयएसओ ४१३८ आहे.

प्रत्येक फेरीबरोबर टायरचा दाब, गाडीतलं वजन, मोटरचं तापमान, बॅटरीचा व्होल्टेज आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा. टायरमध्ये हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड लागतं, आणि दाबाची नोंद नसेल तर दोष तक्त्यावर जातो. एका फेरीत एकच गोष्ट बदला. डॅम्पिंग आणि तक्ता एकदम बदलले तर चालक "बरं वाटतंय" म्हणेल, पण कशामुळे ते कोणालाच सांगता येणार नाही.

हे सगळं एका गाडीवर जमल्यावर स्टिअर-बाय-वायरकडे, म्हणजे स्टिअरिंगची आज्ञा चाकांना तारेतून देणाऱ्या यंत्रणेकडे, वळा. २०१३ च्या इन्फिनिटी क्यू५० मध्ये ते क्लचच्या यांत्रिक आधारासह आलं. तिथे हाताला जाणवणारा सगळा टॉर्क तुम्हालाच तयार करावा लागतो. त्यासाठी पायरी २ मधलं मॉडेल रॅकवरच्या जोराचा अंदाज करण्याइतकं पक्कं हवं, म्हणून आत्ताच रॅकवर लोड सेल लावून मॉडेलचे आकडे मोजमापाशी ताडून ठेवा.